माझ्या वतीनं...

मुखत्यार या शब्दात मुख नाही. ‘आपल्या मुखानं जो बोलतो तो मुखत्यार’ अशी फोड एका निवृत्त तलाठ्यांनी मला ऐकवली होती. ऐकायला ती छान वाटते, पण शब्द अरबी आहे. मूळ रूप मुख्तार. निवडणं, पसंत करणं या अर्थाच्या धातूपासून तो तयार झाला. त्याच धातूचा इख्तियार, ज्याचा आपल्याकडं येता येता अखत्यार झाला. ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही’ असं खिडकीतला कारकून सांगतो आणि आपण ‘खैर’ म्हणून परत फिरतो, तेव्हा दोघंही एकाच घरातले शब्द वापरत असतात. अरबीची एक गंमत अशी, की मुख्तार या एकाच रूपाचे दोन अर्थ होतात. निवडणारा तोही मुख्तार आणि निवडलेला तोही मुख्तार. कायद्याला हे चालणार नाही, त्याला दोन वेगळी माणसं आणि दोन वेगळ्या सह्या हव्या असतात. कवीला मात्र हा शब्द पुरतो.

दुसरा शब्द वकील. ज्याच्यावर सोपवलं तो वकील. काळा कोट त्याच्या अंगावर फार उशिरा चढला. आमच्याकडं लग्नात वकील असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नवरी आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसलेली असते. वकील आणि दोन गवाह तिच्याकडं जातात. अमक्याच्या मुलाशी, इतक्या मेहरवर तुझा निकाह लावून द्यायची मला इजाजत आहे का, असं विचारतात. तिनं हो म्हटलं, की वकील बाहेर येऊन काझींना सांगतो. माझ्या एका भाचीचा वकील मी झालो होतो. कामाच्या मानानं छाती फार धडधडत होती. निकाह झाला, खजूर वाटले गेले आणि माझी वकालत संपली. दुसऱ्या दिवशी तिच्या वतीनं मी चहाही मागू शकलो नसतो. ज्या कामासाठी नेमलं ते झालं की अधिकार संपतो, हे तत्त्व पुढं इंग्रजांच्या कायद्यातही दिसतं. आम्हाला ते मांडवातच कळतं.

पेशवाईत वकील म्हणजे एका दरबारानं दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. पुण्याचा वकील दिल्लीला, पुण्याचा वकील हैदराबादला. तो धन्याच्या वतीनं बोलायचा, बातमीपत्रं धाडायचा, वेळ पडली तर अपमानही धन्याच्या वतीनं गिळायचा. त्याच काळातला मुतालिक म्हणजे मोठ्या हुद्देदाराच्या जागी बसून कारभार पाहणारा. हे आडनाव आजही आपल्यात आहे. लिहिता न येणारा, लहान असलेला, मोहिमेवर गेलेला किंवा नुसताच आळशी हुद्देदार, या सगळ्यांचा कारभार मुतालिकावर चालायचा.

पण हिंदुस्थानच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कुलमुखत्यारपत्र दिलं ते दिल्लीच्या बादशहानं, शाह आलम दुसरा यानं. त्यानं तशी दोन दिली. पहिलं १७६५ साली, ईस्ट इंडिया कंपनीला. बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी. म्हणजे बादशहाच्या वतीनं कंपनीनं वसूल गोळा करायचा आणि त्यातला ठरलेला वाटा त्याला पोचवायचा. या मुखत्यारानं पुढं काय केलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत.

दुसरं १७८४ साली. या वेळी बादशहानं पेशव्यांना ‘वकील-इ-मुत्लक’ केलं. मुत्लक म्हणजे ज्याला कसलीच मर्यादा नाही असा, मोकळा सोडलेला. तलाक हा शब्द याच धातूचा, हे जाता जाता सांगतो. नवे वकील-इ-मुत्लक सवाई माधवराव तेव्हा दहा वर्षांचे होते आणि दिल्ली त्यांनी पाहिलेली नव्हती. म्हणून त्यांचे नायब म्हणून प्रत्यक्ष कारभार महादजी शिंद्यांकडं. आजचा एखादा सबरजिस्ट्रार असता तर त्यानं चष्मा वर करून विचारलं असतं, ज्याला नेमलं तो अज्ञान, आणि त्यानं पुढं तिसऱ्याला नेमलेलं, हे कसं काय चालेल? पण ते चाललं, कारण कागदामागं महादजींची फौज होती.

कागदाची परीक्षा १७८८ साली झाली. आदल्या वर्षी राजपुतान्यात लालसोटला महादजींना माघार घ्यावी लागली होती आणि दिल्लीवरची पकड सैल झाली होती. गुलाम कादिर हा रोहिला सरदार दिल्लीत घुसला. खजिना सापडत नाही म्हणून त्यानं शहाजाद्यांचे हाल केले आणि ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. ज्या दिवसासाठी वकील-इ-मुत्लक नेमायचा असतो तो हाच दिवस, आणि त्या दिवशी वकील दूर होता. पुढं महादजींची फौज आली, दिल्ली घेतली, बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं. गुलाम कादिरला पकडून ठार केलं. या फौजेचा म्होरक्या राणेखान. पानिपतच्या रणातून जखमी महादजींना वाचवणारा भिस्ती तो हाच, असं सांगतात. महादजी त्याला भाऊ म्हणत. शाह आलम स्वतः शायर होता, ‘आफताब’ हे त्याचं तखल्लुस. आफताब म्हणजे सूर्य. डोळे गेल्यावरही त्यानं ते बदललं नाही.

जून १७९२ मध्ये पुण्यात मोठा दरबार भरला आणि बादशाही फर्मान वाचून पेशव्यांना वकील-इ-मुत्लकीची वस्त्रं दिली गेली. आंधळा बादशहा दिल्लीत, अठरा वर्षांचा वकील पुण्यात आणि दोघांमध्ये महादजी. पावणेदोन वर्षांत, फेब्रुवारी १७९४ मध्ये, महादजी वानवडीला वारले. १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली घेतली आणि बादशहा पुन्हा आपल्या पहिल्या मुखत्याराच्या स्वाधीन झाला.

मी साताऱ्याचा. त्यामुळं मुखत्यारकीची जी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते ती आमच्या गावची आहे. ५ सप्टेंबर १८३९ ला इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला रवाना केलं. पण संकट येणार हे ओळखून महाराजांनी आधीच हालचाल सुरू केली होती. मुंबई सरकार ऐकत नाही तर थेट लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपुढं गाऱ्हाणं मांडायचं. त्यासाठी सय्यद मीर अफझल अली हे महाराजांचे वकील म्हणून विलायतेला गेले. पाठोपाठ रंगो बापूजी गुप्ते, यशवंतराव शिर्के, भगवंतराव विठ्ठल. रंगो बापूजींचं नाव आपल्या लक्षात राहिलं आणि ते योग्यच आहे. मीर अफझल अलींचं राहिलं नाही.

या माणसांना लंडनमध्ये पहिली अडचण आली ती पुराव्याची नव्हती, ओळखीची होती. कंपनीचं म्हणणं असं, की तुम्हाला आम्ही वकील मानतच नाही. जे सांगायचं ते मुंबई सरकारमार्फत सांगा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातून अर्ज पाठवा! हातात महाराजांचे अधिकाराचे कागद आहेत, सही आहे, शिक्का आहे. पण समोरचा ते कागद घेतच नाही. मुखत्यारपत्र लिहून देणारा आणि घेणारा यांच्यात कितीही विश्वास असला, तरी त्याची किंमत शेवटी टेबलाच्या पलीकडं बसलेला तिसरा माणूस ठरवतो. रंगो बापूजींनी हे जवळजवळ चौदा वर्षं सोसलं. सभांमध्ये भाषणं केली, पत्रकं छापली, जॉर्ज थॉम्पसन आणि जोसेफ ह्यूम यांच्यासारखी माणसं उभी केली, कर्ज काढलं. दरम्यान १८४७ साली प्रतापसिंह काशीत वारले. पुढच्या वर्षी त्यांचे भाऊ शहाजी गेले आणि डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारचं राज्यच खालसा केलं. नेमणारा गेला की मुखत्यारी संपते, असं कायदा म्हणतो. रंगो बापूजी त्यानंतरही पाच-सहा वर्षं लंडनलाच होते, महाराजांच्या घराण्यासाठी भांडत. १८५३ च्या अखेरीस ते परत निघाले. १८५७ मध्ये त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात फासावर गेला आणि रंगो बापूजी स्वतः कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही.

मग राज्य राणीचं झालं आणि कायदे छापून आले. १८७२ चा करार कायदा आणि १८८२ चा मुखत्यारपत्र कायदा. दीडशे वर्षं होत आली, पण आजही आपण याच दोघांवर चाललो आहोत. १८८२ चा कायदा एवढासा आहे, पाच-सहा कलमांचा. त्यातल्या एका कलमाचं मला नेहमी अप्रूप वाटतं. विवाहित स्त्रीला स्वतःच्या अधिकारात मुखत्यार नेमता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ज्या काळी बाईनं सही करावी की अंगठा, यावर घराघरांत वाद होते, त्या काळी हे लिहिलं गेलं. किती जणींनी वापरलं, हा प्रश्न वेगळा.

या कागदाचा वापर आपल्याकडं भरपूर झाला. मुंबईला गिरणीत गेलेला मुलगा, बोटीवरचा खलाशी, नंतर आखातात गेलेले कोकणातले आणि आमच्याकडचेही तरुण, या सगळ्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एक कुलमुखत्यारपत्र असायचंच. भावानं भावाला दिलेलं. त्याच्या जोरावर शेतं कसली गेली, घरं बांधली गेली आणि काही ठिकाणी भावाच्याच नावावरून उडून गेली. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचायची मला सवय आहे. ‘आमचे अशील यांनी अमुक यांना दिलेले कुलमुखत्यारपत्र रद्द केले असून यापुढे त्यांच्याशी कोणीही व्यवहार करू नये.’ तीन ओळींत एक अख्खी कादंबरी असते. मुखत्यारपत्रावरच जमिनी आणि फ्लॅट ‘विकण्याची’ पद्धत इतकी बोकाळली, की २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं, अशा कागदानं मालकी हस्तांतरित होत नाही.

आता मुद्द्याच्या कलमाकडं येतो. करार कायद्याचं कलम २०१. मुखत्यारी कधी संपते, याची त्यात यादी आहे. नेमणाऱ्यानं रद्द केली, नेमलेल्यानं सोडली, काम पुरं झालं, दोघांपैकी कुणी वारलं. इथवर आपल्याला पटतं. पण त्याच ओळीत पुढं आहे, दोघांपैकी कुणाची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, तरीही संपते. आणि बुद्धी ठिकाणावर नसणं म्हणजे काय, याची उदाहरणं देताना कायद्यानं तापात बरळणाऱ्या माणसालाही सोडलेलं नाही. यामागं इंग्रजी तर्क आहे आणि तो तर्क म्हणून बिनतोड आहे. मुखत्यार म्हणजे माझा लांबवलेला हात. जे मला स्वतःला करता येत नाही, ते माझा हात कसं करील?

तर्काला घरोघरची माहिती नसते. १८७९ साली विलायतेत ड्र्यू विरुद्ध नन असा एक खटला झाला. नवऱ्यानं बायकोला आपल्या नावावर खरेदीची मुभा दिली होती. पुढं त्याला वेड लागलं, त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. बायको त्याच दुकानातून उधारीवर माल नेत राहिली, करणार काय? नवरा बरा होऊन आला आणि म्हणाला, मी शुद्धीवर नव्हतो, हे पैसे मी देणार नाही. न्यायाधीशांनी तोडगा काढला. वेडेपणानं बायकोचा अधिकार संपला हे खरं, पण दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचे पैसे द्या. दुकानदाराची सोय झाली. घर चालवणाऱ्या बाईची झाली नाही.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या घरी हे कलम आलं. दुल्हेभाई शाळेत मास्तर होते, हिशेबाला पक्के. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर स्टँपपेपरवर आपाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि आपाला म्हणाले, ‘मला काही झालं तर तुला कुणाच्या तोंडाकडं बघायची पाळी येणार नाही.’ मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आधी आयसीयू, नंतर घरी, डोळे उघडे पण ओळख नाही, असे दहा महिने. पैसे होते, पण मुदतठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर. आपा तो कागद घेऊन बँकेत गेली, मी सोबत होतो. साहेबांनी कागद नीट वाचला, वाचून विचारलं, ‘सर सही करू शकतात का?’ आपा म्हणाली, ‘सही करता आली असती तर हा कागद कशाला आणला असता?’ साहेब जरा गप्प झाले आणि म्हणाले, ‘म्हणूनच हा चालत नाही, भाभी.’

माणूस वाईट नव्हता आणि कायद्यानं तो चूक नव्हता. आम्ही एका वकील मित्राकडं गेलो. त्यानं समजावलं, की अज्ञान मुलाचा पालक नेमायला १८९० पासून कायदा आहे, पण बेशुद्ध पडलेल्या प्रौढ माणसाचा पालक नेमायला आपल्याकडं सरळ असा कायदाच नाही. अशा वेळी उच्च न्यायालयात जायचं. न्यायालय आपल्या खास अधिकारात, सगळ्यांचा पालक या नात्यानं, बायकोला किंवा मुलाला पालक नेमतं. मुंबई उच्च न्यायालयानं असे आदेश दिले आहेत, केरळच्या उच्च न्यायालयानं २०१९ साली त्यासाठी सविस्तर नियम घालून दिले. मानसिक आजाऱ्याच्या मालमत्तेची देखभाल कुणी करावी, याची तरतूद १९८७ च्या कायद्यात होती. २०१७ च्या नव्या कायद्यानं तो जुना रद्द केला आणि ती तरतूद मात्र नव्यात घेतली नाही. हे सगळं ऐकताना आपा माझ्याकडं बघत होती. तिला एवढंच कळलं, की आपल्याच नवऱ्याच्या पैशासाठी आपल्याला मुंबईला हायकोर्टात जायचं आहे. ती गेली नाही. आम्ही भावांनी, जावयांनी मिळून भागवलं. दुल्हेभाई वारले. आपा नॉमिनी होती. दाखला, अर्ज, ओळखपत्र एवढ्यावर त्याच बँकेनं ठेवीचे पैसे तिच्या खात्यात जमा केले. ते जिवंत असताना त्यांच्या औषधाला जे मिळाले नाहीत, ते वारल्यावर मिळाले.

ही ठेव दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कुणीही’ अशी असती, तर हा प्रश्नच आला नसता. आमच्या वकील मित्राचा आता पहिला सल्ला तोच असतो. मृत्युपत्र, मग आमच्याकडचं वसीयतनामा म्हणा, याचा इथं उपयोग नाही, कारण ते माणूस गेल्यावर बोलू लागतं. मुखत्यारपत्र माणूस शहाणासुरता असेपर्यंतच बोलतं. मधला काळ उरतो. पूर्वी तो थोडा असायचा, आता डॉक्टरांच्या कृपेनं तो वर्षावर्षांचा असतो.

परदेशात ही फट लोकांच्या आधीच लक्षात आली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं १९५४ साली टिकाऊ मुखत्यारपत्राची सोय केली, म्हणजे नेमणाऱ्याची बुद्धी गेली तरी जे टिकतं असं. ज्या इंग्लंडकडून आपण कलम २०१ चा तर्क घेतला, त्या इंग्लंडनं १९८५ साली तो सोडला. पुढं २००५ च्या कायद्यानं, जो २००७ पासून लागू झाला, तिथं दोन वेगळी मुखत्यारपत्रं आली. एक पैशाअडक्यासाठी आणि दुसरं औषधोपचारासाठी. कॅलिफोर्नियानं तर औषधोपचारांचं मुखत्यारपत्र १९८३ सालीच कायद्यात बसवलं होतं. आपल्याकडं पैशाच्या बाबतीत कलम २०१ जिथं होतं तिथंच आहे.

औषधोपचाराच्या बाबतीत मात्र आपण काही पावलं गेलो, आणि त्या वाटेची सुरुवात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात होते. अरुणा शानबाग तिथं परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर जीवघेणा हल्ला केला. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं त्या त्याच रुग्णालयात एका खाटेवर होत्या. त्यांची कहाणी पुस्तकातून सांगणाऱ्या पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या, यांना आता जाऊ द्या. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही यांना सांभाळतो आहोत, सांभाळू. या खटल्यात दयामरणावर पुष्कळ चर्चा झाली. मला त्यातला एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अरुणांच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाला? त्यांनी कुणालाच नेमलं नव्हतं. पंचविशीतली मुलगी कशाला नेमेल? ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की तो हक्क लेखिकेचा नाही, इतकी वर्षं शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या माणसांचा आहे. त्या माणसांनी अरुणांच्या अंगावर कधी शय्याव्रण होऊ दिला नाही, याचा उल्लेख न्यायालयानं आदरानं केला. १८ मे २०१५ ला अरुणा गेल्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे कुणीही सांगू शकलं नाही.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. ही याचिका २००५ पासून पडून होती. शहाण्या, प्रौढ माणसाला आधीच लिहून ठेवता येईल, की बरं होण्याची आशा नसेल तर मला यंत्रांवर ठेवू नका; आणि त्या वेळी माझ्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, तेही नाव घालून सांगता येईल. पण त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी अशी अट होती. मॅजिस्ट्रेटला शोधत मरणाचा कागद घेऊन कोण फिरणार? २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यानं साक्षांकन करायचं. एकापेक्षा जास्त नातेवाइकांची नावं घालता येतात. एक प्रत महापालिका किंवा पंचायत यांनी नेमलेल्या अभिरक्षकाकडं ठेवायची. वेळ आली की रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत मत देतं. हे अभिरक्षक नेमलेच जात नव्हते. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा महाराष्ट्रात ते काम हललं. गोव्यात असा कागद नोंदवणारी पहिली व्यक्ती म्हणजे न्यायमूर्ती महेश सोनक, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेले. साल २०२४.

मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्यानं तर याहून सोपं केलं आहे. आपला प्रतिनिधी कोण, हे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरे. स्टँप नाही, नोटरी नाही. सरकारी कायद्यात ‘साधा कागद’ हे दोन शब्द वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या मोहल्ल्यात हे मी बोललो तेव्हा एका बुजुर्गांनी विचारलं, ‘हयात देणारा अल्लाह, आपण कोण लिहून ठेवणारे?’ प्रश्न त्यांच्या जागी खरा आहे आणि उत्तर उलेमांकडं मागावं. मी एवढंच म्हटलं, की या कागदानं मरण मागता येत नाही. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या जवळचं कोण बोलेल, एवढं यात सांगता येतं. आणि माणूस नेमून देण्याची रीत आपल्या निकाहात आहेच. ते हसले. सही करतो म्हणाले नाहीत, पण कागद बघायला घेऊन गेले. अजून परत दिलेला नाही.

आपानं मात्र केला. दुल्हेभाईंच्या वेळी व्हेंटिलेटरचा विषय निघाला तेव्हा एक मुलगा दुबईहून फोनवर एक सांगत होता, दुसरा इथं खाटेपाशी दुसरंच. दोघंही रडत होते आणि वडिलांना काय हवं होतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. आपाला ते पुन्हा नको होतं. नोटरीच्या कचेरीत टायपिस्टनं विचारलं, ‘नाव कुणाचं घालू, मोठ्या मुलाचं?’ आपा म्हणाली, ‘नाही, धाकट्या सुनेचं घाल, तिला माझ्याशी भांडता येतं. दुसरं माझ्या या भावाचं.’ टायपिस्टनं सुनेच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. आपानं ते मराठीतच सांगितलं, एकेक अक्षर.